पंट मारताना आधी हाताकडे बघ

अमेरिकन फुटबॉलमधला तुझा पंट (हातातून सोडलेला लांबट चेंडू जमिनीला लागायच्या आत लाथेने लांब मारणं) आखूड पडतोय म्हणून पायात जोर घालत बसू नकोस, आधी चेंडू सोडणारा हात बघ. उजव्या पायाने मारतोस ना, मग उजव्याच हातात धर. शिवण वर, पुढचं टोक किंचित आत आणि खाली. चेंडू वर उडवायचा नाही. हात अलगद काढून घे, धरलेल्या कोनातच तो खाली आला पाहिजे. पावलं दोनच, सरळ रेषेत. ताकद कमरेतून येते, गुडघा शेवटी उलगडतो. घोटा घट्ट, बोटं ताणलेली, आणि चेंडू पावलाच्या वरच्या कडक हाडावर, जरा बाहेरच्या अंगाला बसू दे. मग तो फिरकी घेत जातो. रे गाय या नावाजलेल्या अमेरिकन पंटरचे जुने पंट जरूर बघ, लाथेनंतर त्याचा पाय डोक्याच्या वर जायचा! पण हा आठवडा नुसता ड्रॉपच कर, म्हणजे चेंडू हातातून सोडायचा सराव, लाथ नको.