वाचक विचारतात: अपघातानंतर गाडी लगेच दुरुस्तीला द्यावी का?

प्रश्न: नमस्कार, 4 दिवसांपूर्वी रात्री चौकात वळताना समोरच्या गाडीने मला ठोकलं. डावा हेडलाईट फुटला, बंपर आत गेलाय. आता ते म्हणतात, तुमचे लाईट बंदच होते. माझे चालू होते! गाडी गॅरेजला आहे, मेकॅनिक रोज विचारतोय काम सुरू करू का. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर भावाला पाठवून ठेवलेत. अजून काय करू?

उत्तर: आधी गॅरेजला फोन करून सांगा की कशालाही हात लावू नका, धुवायची पण नाही, आणि काढलेला एकही पार्ट भंगारात टाकायचा नाही. मग पुढचं वाचा.

तुमचं भांडण लाईटवरून आहे ना, मग तो फुटलेला हेडलाईटच तुमचा साक्षीदार. बल्ब हॅलोजनचा असेल तर आतली तार बरंच काही सांगते. लाईट चालू असताना दणका बसला की तापलेली तार मऊ असते, त्यामुळे ती ताणली जाते, वाकडीतिकडी होते, आणि काच फुटून हवा लागली तर जळून तिच्यावर पांढरी-पिवळसर पूड बसते. बंद बल्बची तार थंड असते, ती तुटली तरी सहसा अशी ताणली जात नाही. म्हणून कृपा करून "लागतोय का बघू" म्हणत स्विच दाबू नका, मेकॅनिकलाही दाबू देऊ नका, कारण फुटलेल्या बल्बला आत्ता करंट दिला तर तार आत्ता जळेल आणि तेव्हाचं काय होतं ते कुणालाच सांगता येणार नाही. बल्ब जागेवर असतानाच फोटो काढा, उरलेलं काम तज्ञाला करू द्या. एलईडी असेल तर तारच नसते, मग हा मार्ग नाही.

चौकातल्या दुकानांचे कॅमेरे मात्र आजच गाठा, उद्यावर टाकू नका. बऱ्याच सिस्टीममध्ये जुन्या रेकॉर्डिंगवर नवीन चढत जातं, काही ठिकाणी थोड्याच दिवसांत, आणि तुमचे 4 दिवस तर गेलेच. तारीख आणि अंदाजे वेळ सांगून मूळ फाईल मागा, स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ नको. आणि हो, त्या रेकॉर्डरवरचं घड्याळ आणि तुमच्या फोनमधलं घड्याळ शेजारी ठेवून एक फोटो काढा, कारण या मशीनची वेळ अनेकदा पुढे-मागे असते आणि नंतर नेमका त्यावरूनच वाद होतो.

डॅशकॅम आहे का? असेल तर कार्ड आधी बाहेर काढा, तोही जुनं पुसतच चालतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधे पाठवले की ते दाबून लहान होतात आणि कधी, कुठे काढला ही आतली माहितीही निघून जाते. तुमच्या फोनमधले मूळ फोटो डिलीट करू नका, क्रॉप किंवा फिल्टर नको, पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बऱ्याच नव्या गाड्यांत एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये धडकेच्या आधीची साधारण 5 सेकंदं साठवलेली असतात, त्यात वेग, ब्रेक वगैरे सापडतं. पण एअरबॅग उघडली नसेल तर ती नोंद पुढच्या दणक्याने पुसली जाऊ शकते, तेव्हा गाडी चालवत घरी आणू नका.

इन्शुरन्सवाल्यांना लेखी कळवा की गाडी जशी आहे तशी ठेवलीय, येऊन बघून जा. त्यांचं बघून झालं आणि तुमच्या तज्ञाचंही झालं की मगच मेकॅनिकला हो म्हणा, आणि बदललेला हेडलाईट डब्यात घालून घरी घेऊन या.