पहाटे थंड असताना पिकअप मिसिंग करते, चारही नोझल बदलू का?

तुम्ही लिहिलंय की डिझेल पिकअप पहाटे पहिल्या सेल्फला चालू होते, दहा-पंधरा सेकंद नीट चालते, मग अडखळते, पाय दिला तरी रेस घेत नाही, आणि तीनेक मिनिटांनी सुरळीत पळते. गॅरेजवाला चारही नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर, बदला म्हणतोय. भाऊ, बदलू नका. आमचे याच दुखण्यात ३८,००० रुपये गेलेत, म्हणून लिहायला बसलो.

आम्ही निफाड तालुक्यातले. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा ५-६ अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याच्याही खाली. लाल कांदा भरून लासलगावला लिलावाला जायचं तर अंधारातच निघावं लागतं, नाहीतर रांगेत मागे राहतो. त्या हिवाळ्यात आमची गाडी फाटकापर्यंत बरी जायची आणि वस्तीच्या चढावर, मागे पंधरा क्विंटल कांदा असताना, दम टाकायची. मागे पांढरा धूर. थोरला भाऊ म्हणायचा, "डिझेल आहे, थंडीत असंच करणार. गरम होऊ दे."

लिलाव उरकून दुपारी गाडी गॅरेजला नेली. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावला, बिघाडाचा एकही कोड नाही. कोड नाही म्हणजे नोझल, असा निकाल लागला आणि दादाने पैसे मोजले. दुपारी तापलेल्या इंजिनात पहाटेचा दोष कसा दिसणार? हे मी तेव्हाही बोललो होतो. चौथ्या दिवशी तोच चढ, तेच अडखळणं.

मग मी फवारणीच्या दुकानातून हातभर पारदर्शक नळी आणली. संध्याकाळी डिझेल फिल्टर आणि पंपाच्या मध्ये बसवली, दोन्हीकडे क्लिपा आवळल्या, हातपंप मारून एअर काढली आणि गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. पहाटे टॉर्च मारली तर सेल्फ मारायच्या आधीच नळीत वरची चार बोटं जागा रिकामी. म्हणजे रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरलं होतं. दादाला सेल्फ मारायला लावलं. आधी मोहरीएवढे बुडबुडे आले, मग एक बोटभर लांबीचा पोकळ तुकडा नळीतून सरकत गेला, आणि पाठोपाठ इंजिन अडखळलं. मी ओरडलो, "दादा, उतर खाली, हे बघ!"

दोष निघाला फिल्टरच्या बुडाशी, डिझेलमधलं पाणी ओळखणाऱ्या सेन्सरखालच्या रबरी रिंगमध्ये. दिवाळीत फिल्टर बदलताना जुनीच रिंग परत बसवली होती. ती चपटी आणि कडक झाली होती, नखाने दाबली तर तडकली. नवी ४० रुपयांची.

टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीची असते. तिथे फट पडली की चालू इंजिनात डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून जमिनीवर डाग शोधून उपयोग नाही. पंपात आणि रेलमध्ये (नोझलना दाबाचं डिझेल पुरवणारा जाड पाइप) उरलेल्या डिझेलवर गाडी चालू होते, ते संपलं की हवेचा घोट येतो. तुमची दहा-पंधरा सेकंदं मला तीच वाटतात. रबर थंडीत आखडतं, गरम झालं की पुन्हा बसतं, म्हणून दुपारी सगळं ठीक.

पहिल्या सेकंदापासूनच थरथर आणि पांढरा धूर असेल तर हीटर प्लग, म्हणजे थंड इंजिन आतून तापवणारे प्लग, बघा. त्यांची पट्टी काढून बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प एकेका प्लगला लावा, लागला नाही तो मेलेला. स्कॅनर लावायचाच तर पहाटे, सेल्फ मारायच्या आधी लावा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. बाहेर ८ अंश असताना पाणी ६० दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, आणि गाडी स्वतःला तापलेली समजून हीटरचा वेळ आणि डिझेल दोन्ही कमी करते. नोझलचं म्हणाल तर जास्तीचं डिझेल परत नेणाऱ्या चारही रिटर्न नळ्या चार बाटल्यांत सोडून मोजल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

दादा आजही चारचौघांत म्हणतो, नोझल तशीही जुनीच होती. जुनी होती, खराब नव्हती. मी ती पिशवीत बांधून नाशिकला टेस्टिंगला नेली, चारही पास. सेन्सरला जे कळतं तेच स्कॅनर सांगतो. नळीतल्या हवेला सेन्सर नाही, रेलचं प्रेशर बरंच पडलं तरच कोड येतो.

एक राहिलं. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. तिथे चालू गाडीत लाइन दाबाखाली असते, फटीतून डिझेल झिरपतं, त्यामुळे वरचं निम्मं लागू नाही. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच, डिझेलने ती कडक होते. रेलकडच्या लोखंडी पाइपांना चालू इंजिनात पाना लावू नका, तिथला दाब १,००० बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीत घुसते. आणि हीटर प्लगच्या गाडीत कुणी स्टार्टिंग स्प्रे मारायला सांगितला तर अजिबात मारू देऊ नका.

गाडी रात्रीच गॅरेजला मुक्कामी ठेवा आणि पहाटे मेकॅनिकच्या समोर पहिला सेल्फ मारा. बुडबुडे दिसले तर आधी फिल्टरच्या रिंगा बघा, मग टाकीवरची नळी.