८८ चा स्विच लावा, पण थर्मोस्टॅटला हात लावू नका

तुमची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली. रेडिएटरचा पंखा ९५ अंशांना लागतो, घाटकोपर ते सायन रांगत जाताना तापमानाचा काटा चढतो, म्हणून पंखा ८८ अंशांनाच लावणारा स्विच बसवू का, असं विचारलंय. बसवा. पण सोबत गॅरेजवाल्याचं जे वाक्य लिहिलंय, 'थर्मोस्टॅटपण काढून टाकू, मुंबईत लागतोच कशाला', ते ऐकलं की माझं टाळकं सटकतं.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरलेल्या आकड्याला तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना त्याची खालची चकती बायपासचं भोक बंद करते. तो काढला की बायपास कायम उघडा. गरम पाणी रेडिएटर टाळून थेट परत इंजिनात. म्हणजे गाडी थंड करायला गेलात आणि घाटात ती जास्तच तापायला लागली. मोकळ्या रस्त्यावर नेमकं उलटं: इंजिन धड गरमच होत नाही, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये ओल साठते. पंखा 'डायरेक्ट' करून देणारेही त्याच पंथातले. सकाळी गार इंजिनावर पंखा फिरवून मोटरचे कार्बन ब्रश झिजवायचे, बस्स.

आता स्विच. त्यावरच्या ८८-८३ मधला पहिला आकडा पंखा लागण्याचा, दुसरा बंद होण्याचा. स्विच इंजिनच्या बाजूला असेल तर बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याहून वर हवा. ८२ च्या थर्मोस्टॅटला ८८-८३ चालेल. ८८ च्या थर्मोस्टॅटला तोच लावलात तर पंखा थांबणारच नाही. स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तिथलं पाणी गार होऊन आलेलं असतं, थोडी सूट मिळते.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणा की आणखी कुठून, बसवण्याआधी पातेल्यात तपासा. स्विच तारेने टांगायचा, बुडाला टेकवायचा नाही, वायरची टोकं पाण्याबाहेर. थर्मामीटर आणि मल्टीमीटर लावून पाणी हळूहळू तापवा, स्विच कितीला जोडतो आणि कितीला तोडतो ते बघा. डुप्लिकेट माल छापल्या आकड्याला लागेलच असं नाही.

इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह काढा. २२ मिमी आट्यांच्या स्विचला बहुधा २९ चा पाना लागतो. पाणी स्विचच्या पातळीखाली उतरवा. वॉशर नवाच घाला. एकाच वायरचा स्विच असेल तर आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याची अर्थिंग बॉडीतूनच होते, टेपमुळे ती तुटते आणि मग लोक नव्या स्विचला शिव्या घालतात. टाकी प्लास्टिकची असेल तर पान्यावर जोर काढू नका. कूलंट भरून, कॅप उघडी ठेवून, हिटर असेल तर फुल गरमवर, इंजिन चालू ठेवा. बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. हवा अडकली तर स्विचला पाणी लागतच नाही आणि पंखा उशिरा लागतो.

एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी असा स्विच नसतो, सेन्सर वाचून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंखा लावतो. तिथे रेझिस्टर घालून सेन्सरला फसवायच्या फंदात पडू नका, हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बिघडतं.

आणि हो, पंखा चालू असतानाही काटा चढत असेल तर स्विचचा काही दोष नाही. रेडिएटरचं रॉडिंग करा, म्हणजे नळ्या सळईने साफ करून घ्या, कॅप बदला. मोटर दुरुस्त करून आणलेली असेल तर वायरी उलट्या लागल्यात का ते पाहा: पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर पुढून धरलेला वर्तमानपत्राचा कागद जाळीला चिकटायला हवा.