आईचं इन्सुलिन दर महिनाअखेर संपतं आणि दुकानात मिळत नाही, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईला 30/70 इन्सुलिन (30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश काम करणारं मिश्रण) आहे, सकाळी 24 आणि संध्याकाळी 16 युनिट. गाव चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरात, दुकान गडचांदूरला. महिना संपता संपता बाटली संपते, दुकानदार "उद्या माल येईल" म्हणतो आणि एसटीच्या दोन फेऱ्या वाया जातात. मी औषधाच्या काउंटरवर असतो, तिथून जे दिसतं ते सांगतो.

घोळ हिशेबातच आहे. दिवसाला 40 युनिट लागतात. 40 च्या (एका मिलीत 40 युनिट) 10 मिलीच्या बाटलीत 400 युनिट, म्हणजे कागदावर बरोबर 10 दिवस. म्हणून चिठ्ठीवर महिन्याला 3 बाटल्या येतात. पण सिरिंजमधला बुडबुडा काढताना रोज दोनदा थोडं वाया जातं आणि तळाचं शेवटचं औषध सुईत येतच नाही. बाटली नवव्या दिवशी संपते, तीन बाटल्यांत 27 दिवस निघतात. डॉक्टरांना हे सांगून महिन्याला 4 लिहून घ्या. आणि बाटली रिकामी झाल्यावर नाही, शेवटून दुसरी फोडली त्याच दिवशी दुकानात फोन लावा. तेव्हा हातात 18 दिवस असतात. दोनदा "उद्या" ऐकावं लागलं तरी चालतं.

दुकानदार जास्त माल का ठेवत नाही, तर फ्रीजचं औषध घाऊकवाला सहसा परत घेत नाही. एक्स्पायरी झाली की तोटा त्याचा. "दर महिन्याच्या 5 तारखेला 4 बाटल्या नक्की नेणार" असं ठरवून सांगा आणि खरंच न्या. नक्की गिऱ्हाईक असलं की तो तुमच्या नावानं मागवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. माल नसला की कोणीतरी "हेच आहे, फक्त 100 चं" म्हणून दुसरी बाटली हातात ठेवतं. बाटलीवर 40 किंवा 100 लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत इतके युनिट. 40 साठी लाल टोपणाची सिरिंज, 100 साठी नारिंगी. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 100 चं औषध 24 च्या खुणेपर्यंत भरलं, तर आईच्या अंगात 60 युनिट जातील. साखर एकदम खाली येऊन माणूस बेशुद्ध पडतो. उलट झालं, म्हणजे 40 चं औषध नारिंगी टोपणाच्या सिरिंजने दिलं, तर जेमतेम साडेनऊ युनिट जातात आणि साखर चढत राहते. म्हणून सिरिंज संपायला आल्या की बाटली सोबत नेऊन आकडा जुळवूनच घ्या. नुसतं "इन्सुलिनची सुई द्या" म्हणू नका. आणि 30/70 ऐवजी दुसरा प्रकार मिळत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नका.

बाटली काउंटरवरच बघून घ्या. एक्स्पायरी किमान 3 महिने पुढची हवी. 30/70 दुधासारखं दिसतं. तळव्यांमध्ये हळू फिरवल्यावर एकसारखं झालं पाहिजे, जोरात हलवायचं नाही. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला बर्फाच्या नक्षीसारखे पांढरे कण चिकटलेले दिसले तर घेऊ नका.

नेताना मोटरसायकलच्या डिकीत किंवा एसटीत ड्रायव्हरच्या पुढच्या काचेपाशी ठेवू नका. थर्मासमध्ये थंड पाणी किंवा बर्फ, आणि बाटली डबीत घालून कापडात गुंडाळलेली. बर्फ थेट लागून औषध गोठलं तर ते फेकायचंच, वितळल्यावर पूर्वीसारखं होत नाही.

घरी फ्रीज नसेल तर दोन माठांचा उपाय खरंच चालतो. मोठ्या माठात ओली रेती, त्यात लहान माठ, त्यात घट्ट झाकणाच्या डबीत बाटली. वर ओलं फडकं, सावलीत, वारा लागेल अशा जागी. रेतीत सकाळ-संध्याकाळ पाणी घाला. आपल्याकडे नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) हवा कोरडी असते, त्यामुळे पाणी भरभर उडतं आणि आत चांगलं गार राहतं. पावसाळ्यात दमट हवेत तितकं होत नाही, पण तेव्हा ऊनही तसं नसतं. चालू बाटली माठात ठेवा, न फोडलेल्या शेजाऱ्याच्या फ्रीजच्या दारात. फ्रीजरखाली किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, तिथे गोठते. आरोग्य केंद्रातल्या फ्रीजमध्ये ठेवायला सिस्टरकडे देऊ नका. तो फ्रीज फक्त लसींचा असतो आणि तो नियम योग्यच आहे.

सरकारी दवाखान्यातूनही घ्या. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या आरोग्य केंद्रांत, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याची, तिथे हे लागू नाही. ग्रामीण रुग्णालयात मधुमेह-बीपीची तपासणी कोणत्या दिवशी असते आणि इन्सुलिन आलंय का, हे निघण्याआधी विचारा. आईला दरवेळी नेणं जमत नसेल तर जुना केसपेपर दाखवून नातेवाईकाकडे औषध देता येईल का, हे डॉक्टरांशी एकदाच बोलून ठेवा. दोन्हीकडून मिळून महिना भागवणं सोपं जातं, फक्त दोन्ही बाटल्यांवरचा 40 चा आकडा जुळला पाहिजे.

साखर तपासायची पट्टी त्याच मशीनची लागते. म्हणून स्वस्त मशीन बघू नका, गडचांदूरला ज्याच्या पट्ट्या नेहमी मिळतात ते घ्या. रोज दोनदा तपासलं तर महिन्याला 60 लागतात आणि 50 चा डबा पुरत नाही.

तरीही संपलंच, तर डोस अर्धा करून पुरवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोरात श्वास, सुस्ती यांपैकी काही दिसलं तर थांबू नका, 108 ला फोन लावा आणि रिकामी बाटली सोबत न्या. ती पाहून कोणतं इन्सुलिन चालू आहे हे तिथल्या डॉक्टरांना लगेच कळतं.