वरच्या खोलीतला हेरातचा मुलगा

प्रश्न : ताई, नागपूरला रवीनगरात आमचं घर आहे. वरच्या खोलीत एक अफगाण मुलगा राहतो, वय २४. शिकायला आला आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये तिकडे तालिबान आलं, तेव्हापासून घरी गेलाच नाही. गाव हेरात. मला काकू म्हणतो. रात्री साडेअकरापर्यंत फोनवर बोलून राहतो. मला आधी वाटलं, कोणी पोरगी असंल. तर बहिणीला गणित शिकवतो म्हणे. परवा गोळाभात दिला, तर "नको काकू, पोट भरलंय". मी ताट खाली आणलं. मग कपडे काढायला गच्चीवर गेले तर हा चहात बिस्किटं बुडवून जेवत होता! राग आला, वाईटही वाटलं. आणखी एक गंमत. डिपॉझिट हप्त्याने दे म्हटलं होतं, तर दर शनिवारी सकाळी पाचशे रुपये घेऊन दारात उभा. याच्याशी वागायचं कसं? आणि आमच्यावर पोलिसांचं काही लफडं तर येणार नाही ना?

उत्तर : काकू, तुम्ही किती वेळा विचारलंत? एकदाच ना? तिथेच चुकलं. अफगाण घरात पहिल्या विचारण्याला "हो" म्हणणं हावरटपणाचं. माझ्या आईकडेही पाहुण्याच्या तिसऱ्या "नको"ला पोळी पानात पडायचीच, तेव्हा हे तुम्हाला जड जाऊ नये. यापुढे विचारू नका, ताट ठेवा आणि जिना उतरा. मात्र गोळ्यांवर तेल ओतताना हात आखडा. तिकडच्या पुलावात गाजर आणि मनुका असतात, आपली लाल मिरची नाही. आणि त्यानं कधी वेलदोड्याच्या हिरव्या चहाला बोलावलं, तर गुडघे दुखतात म्हणून टाळू नका. इतकी वर्षं जो फक्त घेतोच आहे, त्याला एकदा यजमान होऊ द्या.

शनिवारचं कोडं सोपं आहे. हप्ता हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. हेरातची दरी भाषा ही फारसीच, आणि तिच्यात हफ्ता म्हणजे आठवडा. तिकडे शुक्रवारी सुट्टी, शनिवारी नवा आठवडा. पोरगा तुमच्या शब्दाला अक्षरशः जागतोय! तुमचे दरवाजा, दुकान, बाजार, हवा हे शब्दही त्याचेच आहेत. वहीवर लिहून काढा दोघांनी.

पोलिसांचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. परदेशी माणूस घरात ठेवला की घरमालकाने २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा सी-फॉर्म) ऑनलाइन भरायचा असतो. राहून गेला असेल तर आयुक्तालयातल्या परदेशी नागरिकांच्या शाखेत त्याला सोबत घेऊन जा, भाडेकरार आणि पासपोर्टची प्रत न्या. व्हिसाची मुदतही तेव्हाच विचारून घ्या. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयाकडून निर्वासित असल्याचं कार्ड मिळतं, पण ते म्हणजे व्हिसा नव्हे. मुदतीची तारीख तुमच्या कॅलेंडरवरही लिहा, त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवू नका.

काय बोलावं हे सुचत नसेल तर जामठ्याच्या क्रिकेट सामन्याचं काढा. २७ मार्च २०१६ ला आपल्या जामठ्याच्या मैदानावर अफगाणिस्तानने वेस्ट इंडिजला ६ धावांनी हरवलं होतं, आणि आठवड्याभरात त्याच वेस्ट इंडिजने टी-२० विश्वचषक नेला. एखाद्या रविवारी वर्धा रोडने त्याला बाहेरून का होईना, मैदान दाखवून आणा.

राहिला रात्रीचा फोन. तिकडे मुलींना सहावीनंतर शाळा नाही, म्हणजे त्या पोरीचा वर्ग तुमच्या वरच्या खोलीतच भरतो. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा एक तास मागे, तुमचे साडेअकरा तिचे साडेदहा. घरची कामं आटोपूनच बसत असेल बिचारी. झोपमोड होत असेल तर गच्चीवर जाऊन शिकव म्हणा. पण मे महिन्यात गाद्या घेऊन तुम्हीही तिथेच याल, तेव्हा त्रैराशिक ऐकत झोपायची तयारी ठेवा.