तिन्ही कागदांवर भिंत एकच लिही

रविवार रात्र, कोथरूड

अगं पोरी,

दुपारी घराच्या परवानगीची फाइल माझ्यासमोर ठेवून तू विचारलंस, "काका, सही करू का नको?" आणि मी चहा संपेपर्यंत काही बोललोच नाही. तुझ्या आर्किटेक्टच्या नकाशावर 230 मिमीची वीटभिंत बघितली आणि माझं डोकंच भणभणायला लागलं. तू घर बांधणारेस सिप पॅनेलचं, दोन बोर्ड आणि मधे ईपीएस म्हणजे थर्मोकोल, सगळी मिळून जाडी 120 मिमी, आणि नकाशात वीट? "आधी पास करून घेऊ, आत काय लावायचं ते नंतर बघू" असं तो म्हणाला ना? मलाही 2022 मध्ये हेच वाक्य ऐकवलं होतं आणि मी सही केली होती. म्हणून तोंडी न सांगता लिहून देतोय.

एकच गोष्ट धरून ठेव. परवानगीचा नकाशा, बँकेची फाइल आणि इन्शुरन्सचा प्रपोजल फॉर्म, तिन्हीवर भिंत एकच पाहिजे, शब्दाला शब्द, मिलिमीटरला मिलिमीटर.

माझं काय झालं ते ऐक. पौडजवळचा प्लॉट, एनए म्हणजे बिगरशेती झालेला, नकाशा विटेचा, परवानगी पटकन आली, जोतं तपासून झालं, मी खूश. पुढे स्टील फ्रेम उभी राहिली, निम्मे पॅनेल लागले आणि बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराची किंमत ठरवणारा, आला. भला माणूस, काही बोलला नाही, नुसता खिडकीच्या चौकटीत टेप लावला. भिंत निम्म्या जाडीची, त्यामुळे कार्पेट एरियापण जुळेना. रिपोर्टमध्ये एक ओळ पडली, "मंजूर नकाशाप्रमाणे काम नाही", आणि पुढचा हप्ता थांबला. उरलेल्या पॅनेलचे सहा लाख फॅक्टरीला देऊन बसलेलो, त्यात जून तोंडावर, मुळशीचा पाऊस तुला काय सांगायचा. शेवटी हिच्या पाटल्या मोडल्या. ती एवढंच म्हणाली, "खरं लिहायला काय झालं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. रिवाइज्ड नकाशा मंजूर व्हायला पाच महिने गेले.

आता कुणीतरी तुला सांगेल, अगदी ठामपणे सांगेल, की प्रीफॅबला, म्हणजे फॅक्टरीत तयार होणाऱ्या घराला, परवानगीच लागत नाही, हलवता येतं. साफ चूक आहे. 2020 पासून आपल्याकडे लागू असलेल्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, इमारतीची व्याख्याच अशी आहे की कुठल्याही कारणासाठी, कुठल्याही मटेरियलने केलेलं बांधकाम म्हणजे इमारत. आणि विनापरवाना बांधलंस तर एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची नोटीस पॅनेलच्या घरालाही तशीच येते. मग लपवायचं कशाला? परवानगी देणाऱ्या पीएमआरडीएच्या ऑफिसमध्ये पॅनेल बघून कुणी दचकू नये असं वाटत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर चांगला धर. भार फ्रेम घेते का पॅनेल घेतात हे त्याने स्पष्ट लिहावं, वाऱ्याला पुण्यासाठी 39 मीटर प्रति सेकंद धरून आणि भूकंपाचं गणित करून सही करावी. फ्रेम नको, पैसे वाचवते म्हणालीस, इथे मात्र मला राग आला. केंद्र सरकारच्या इंदूरच्या लाइट हाऊस प्रोजेक्टमध्ये 1024 घरं सँडविच पॅनेलची आहेत, तिथेही भार घ्यायला स्टीलची फ्रेमच आहे. फ्रेम दिसली की इंजिनिअर, व्हॅल्युअर, सगळ्यांना घर समजतं. घे फ्रेम.

बँकेत "पफ पॅनेल" (फोम भरलेलं पॅनेल) हा शब्द काढू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांसमोर साइटवरची पोर्टा केबिन उभी राहते आणि तो पर्सनल लोनचा फॉर्म पुढे करतो, तुझं तेच झालंय. नकाशावर भिंतीचं जे वर्णन आहे तेच वाचून दाखव. व्हॅल्युअर रिपोर्टमध्ये इमारतीचं उरलेलं आयुष्य लिहितो, ते तुझ्या 20 वर्षांच्या लोनपेक्षा जास्त यावं लागतं, म्हणून फॅक्टरीकडून पॅनेलचे टेस्ट रिपोर्ट आत्ताच माग, आणि बीएमटीपीसीचं, म्हणजे बांधकामाचं नवं साहित्य तपासणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, सर्टिफिकेट आहे का तेही विचार. नाही म्हणाले तर दुसरी फॅक्टरी बघ.

हप्त्यांचं नीट समजून घे, सगळे इथेच अडकतात. बँक साइटवर जे उभं दिसतं त्याचे पैसे देते आणि फॅक्टरी ट्रक भरायच्या आधी पैसे मागते. विटेच्या घरात हा प्रश्न येत नाही, काम हळूहळू वर जातं. तुझं 40 लाखांचं लोन, म्हणजे आरबीआयच्या नियमाने बँक घराच्या किमतीच्या फार तर 80 टक्के देणार आणि तुझा वाटा आधी घालायला लावणार. तो सगळा जोत्यात घालून बसू नकोस, पॅनेलच्या अ‍ॅडव्हान्ससाठी राखून ठेव. आणि "पॅनेल साइटवर उतरले" हा वेगळा टप्पा सँक्शन लेटरमध्येच लिहून घे. तोंडी हो म्हणणारा माणूस बदली होऊन जातो गं.

इन्शुरन्स. 1 एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे एकसारखी आहे, पण ती तयार घराची. काम चालू असताना कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क वेगळी घे. गृह रक्षामध्ये लाकडी फळ्या, गवत, ताडपत्री अशा भिंती-छपराला "कच्चं बांधकाम" म्हणतात, आणि तुझ्या कोटेशनमध्ये ओएसबी बोर्ड आहे, म्हणजे दाबलेल्या लाकडी चिपांचा. एजंट म्हणेल "पक्कं" लिहून टाकू. लिहू देऊ नकोस! बोर्ड कुठला, किती मिमी, मधे काय, सगळं लिहून कंपनीकडून लेखी उत्तर घे, क्लेमच्या दिवशी सर्व्हेअर तेच काढून बघतो. मी फायबर सिमेंट बोर्ड घेतला, वाळवी आणि पाऊस बघता तूही तोच घ्यावास. विम्याला मला तीन कंपन्या नाही म्हणाल्या, चौथीने दिला.

लोक म्हणतात मी हट्टी, साधं विटेचं बांधलं असतं तर सुटला असतास. पॅनेल घेण्यात मी चुकलो नाही हे मात्र मी कुणाहीपुढे सांगेन, एप्रिलमध्ये दुपारी येऊन माझ्या हॉलमध्ये बस म्हणजे कळेल. चुकलो ते त्या एका सहीत.

उद्या सकाळी आर्किटेक्टला फोन करून नकाशा सबमिट करू नको म्हणून सांग. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर ये, सातबारा, एनएचा आदेश, मोजणीची शीट आणि फॅक्टरीचं कोटेशन घेऊन ये, भिंतीचं वर्णन आपण दोघं बसून लिहू. काकू थालीपीठ करणार आहे.

तुझा काका