लग्नाच्या तयारीत पिंटरेस्टचा उपयोग व्हावा, ताण होऊ नये, यासाठी काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लग्न फेब्रुवारीत, नाशिकला, छत्रपती संभाजीनगर रोडवरच्या एका लॉन्सवर आहे. पिंटरेस्टवर, म्हणजे फोटो शोधून जमवायच्या ॲपवर, शेकडो फोटो जमलेत, आई, होणारी नणंद आणि मैत्रिणी रोज नवे पाठवतात, ठरत काहीच नाही आणि रात्री झोप लागत नाही. मग तिथले सगळे बोर्ड, म्हणजे विषयवार जमवलेल्या फोटोंचे अल्बम, डिलीट करून टाकावेत का?

अजिबात नको. नाशिकमध्ये आमचा मंडप-सजावटीचा घरचा व्यवसाय आहे आणि लग्नघरच्या लोकांशी पहिलं बोलणं बहुतेक वेळा मीच करते. नवरी मुलीने मोबाइल पुढे केला की तिला काय आवडतं ते लगेच कळतं. नाहीतर ‘साधंच हवं, पण छान हवं’ एवढ्यावर अंदाज बांधत बसावं लागतं. बोर्ड कामाचेच आहेत. डोक्याला ताप होतो तो ते कधी बंद करायचे हे ठरलेलं नसल्यामुळे.

तुमचं स्टेज ठरलं, विसार दिला, हे पिंटरेस्टला कळत नाही. तुम्ही जे सेव्ह केलं त्याच्यासारखं आणखी दाखवत राहायचं, हेच त्याचं काम. सकाळी डेकोरेटरला पैसे देऊन आलात तरी रात्री ते पुन्हा नवी स्टेजं दाखवणार आणि त्यातलं एखादं तुमच्या स्टेजपेक्षा उजवं वाटणारच. म्हणून स्टेज, हळद, मेंदी, ब्लाउज असे वेगवेगळे बोर्ड करा आणि ज्या गोष्टीचा विसार दिला तिचा बोर्ड त्याच दिवशी अर्काइव्ह करा. तो पुसला जात नाही, पण त्याच्यावरून नव्या शिफारशी येणं थांबतं. होम फीड, म्हणजे ॲप उघडल्यावर समोर येणारे फोटो, आपल्याला हवं तसं करायची सोयही सेटिंगमध्ये आहे. तिथे तो विषयच बंद करून टाका.

आता जे फोटो जमलेत ते चाळायचे कसे? सगळ्यात आधी मुहूर्ताची वेळ बघा. हा प्रश्न मी प्रत्येकाला पहिला विचारते, कारण पिंटरेस्टवरची जी स्टेजं मुलींना आवडतात त्यातली बहुतेक रात्रीची असतात. लायटिंगच्या माळा, झुंबरं, मेणबत्त्या. तुमचा मुहूर्त दुपारी साडेबाराचा असेल तर फेब्रुवारीतल्या उन्हात त्या माळा पेटल्यात की नाहीत हेसुद्धा कळणार नाही. दिवसाच्या लग्नाला कापड, फुलं आणि सावली एवढंच दिसतं. त्यातही वरच्या कापडाचा रंग फार महत्त्वाचा. लाल किंवा गडद पिवळ्या कापडातून ऊन गाळून आलं की सगळ्यांच्या चेहऱ्यावर तोच रंग चढतो आणि फोटोग्राफरने कितीही खटपट केली तरी तो पुरता जात नाही. वर पांढरं किंवा मोतिया कापड घ्या, रंग बाजूंना आणू द्या. गोरज मुहूर्त असेल तर मात्र ते रात्रीचे फोटो खुशाल ठेवा. फक्त उघड्या लॉन्सवर अंधार पडला की गारठा येतो हे लक्षात असू द्या, आजी-आजोबांच्या खुर्च्या आडोशाला हव्यात.

दुसरी चाळणी फुलांची. त्या फोटोंमध्ये मोठाली, गुबगुबीत, फिकट गुलाबी फुलं दिसतात ना, ती बऱ्याचदा पिओनी असतात. त्या झाडाला कडक थंडीचा हिवाळा लागतो, आपल्याकडे ते होत नाही. कुणी आणून दिलीच तर बाहेरून मागवलेली असतील आणि भावही तसाच असेल. तोच फिकट गुलाबी रंग हवा असेल तर दिंडोरीकडच्या पॉलिहाउसमधला गुलाब आहे, जरबेरा आहे, भरावाला पांढरी शेवंती आणि निशिगंध आहे. एक मात्र आत्ताच सांगून ठेवते: 14 फेब्रुवारीच्या आधीच्या आठवड्यात गुलाबाचा भाव चढतो. तुमची तारीख त्या सुमाराची असेल तर गुलाब फक्त जिथे हाताशी आणि डोळ्यांसमोर येतो तिथेच लावा, म्हणजे वरमाला आणि स्टेजचा मधला भाग, बाकी शेवंती.

झेंडूच्या भिंतीचे फोटो तर सगळ्यांच्याच बोर्डवर असतात. झेंडू मलाही फार आवडतो. पण लग्न लागताना तुम्ही मामाकडची पिवळी अष्टपुत्री नेसणार असाल तर मागे पिवळा झेंडू नको. पिवळ्यावर पिवळं, नवरी त्यात हरवून जाते. मागे हिरवी पानं आणि पांढरी फुलं घ्या, झेंडू दारावर आणि मंडपाच्या खांबांना शोभतो.

साडीचा फोटो दाखवून आम्हाला रंग जुळवायला सांगू नका. येवल्याच्या हातमागावरच्या कितीतरी पैठण्यांत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून पदर हलला की रंग बदलतो. ती धूपछाँव फोटोत येत नाही, मोबाइलच्या पडद्यावर तर रंग आणखीच वेगळा. साडीच घेऊन या, किंवा ब्लाउजपीसचा तुकडा आणा. आम्ही उजेडात कापड शेजारी धरून बघतो, काम तिथल्या तिथे होतं.

आणि हे नीट समजून घ्या की त्यातले कितीतरी फोटो खऱ्या लग्नातले नसतात. फोटो काढण्यासाठीच सेट लावलेला असतो. ना पाहुणे, ना अक्षता, ना होमाचा धूर, ना स्टेजवर चढणाऱ्या माणसांची रांग. अलीकडे एआयने बनवलेली चित्रंही भरपूर असतात. पिंटरेस्टने 2025 पासून त्यांना लेबल लावायला सुरुवात केली आहे, पण प्रत्येकावर ते असेलच असं नाही. मी सरळ आधार कुठे आहे ते बघते. एवढा फुलांचा डोलारा वर लोंबतोय आणि खाली एकही पाइप किंवा ट्रस (धातूचा सांगाडा) नाही, दिव्यांना वायर नाही, तर तो फोटो बाजूला. डेकोरेटरकडे त्याने तुमच्याच लॉन्सवर केलेल्या कामाचे फोटो मागा. तुमचं स्टेज खरोखर कसं दिसेल हे त्यावरूनच कळेल.

घरच्यांचं सांगते, कारण तुमची झोप त्यानेच जास्त उडाली असावी. बोर्ड सीक्रेट ठेवा, म्हणजे तुम्ही बोलावलेल्यांनाच दिसतो, आणि सगळ्यांना त्यात घेऊ नका. मेंदी आणि ब्लाउज तुमचे एकटीचे. मंडपाच्या बोर्डवर खर्च करणारी माणसं हवीत, बाकीच्यांचं ऐकून घ्या आणि सोडून द्या. दोन्ही घरांमध्ये पाठवलेला फोटो ही मागणी होऊन बसते. नणंदबाईंनी हौसेने एखादं स्टेज पाठवलं की तुमच्या बाबांना वाटतं, तिकडच्यांना हेच हवंय, आणि ते बिचारे काही न बोलता हिशेब मांडायला लागतात. म्हणून होणाऱ्या नवऱ्याशी आधीच बोलून घ्या: तिकडून येणारा फोटो त्यांच्याकडे जाईल, इकडचा तुमच्याकडे येईल, आणि दोघं मिळून ठरवाल तेवढंच मोठ्यांसमोर जाईल. आईंना मोबाइलवर भराभर सरकवून दाखवू नका. चार-पाच फोटो छापून आणा, चहाच्या वेळी समोर ठेवा आणि त्यांनाच एक निवडू द्या. हातात कागद असला की माणूस निवांत बघतो.

डेकोरेटरकडे जातानाही तेवढेच फोटो न्या आणि प्रत्येक फोटोत नेमकं काय आवडलं ते लिहून न्या. ‘या फोटोतला फक्त रंग’, ‘इथली बसायची जागा, फुलं नकोत’, असं. नुसता फोटो दिला तर आम्ही त्यातल्या सगळ्याचा भाव सांगतो. लिहून आणलं तर नको असलेलं तिथेच गळतं आणि खर्च खाली येतो. स्टेजची लांबी, रुंदी, उंची लॉन्सवाल्यांकडून आधी विचारून घ्या. लांबलचक स्टेजवरची सजावट तुमच्या छोट्या स्टेजवर दाटी करते.

शेवटी, ठरलेल्या फुलांपैकी एखादं त्या दिवशी बाजारात मिळालं नाही तर त्याऐवजी कोणतं लावायचं तेही विसार देतानाच लिहून घ्या, आणि त्या सकाळी डेकोरेटरने कुणाला फोन करायचा ते नावही. मामा, आत्या, मोठा भाऊ, कुणीही चालेल. तुमचा नंबर देऊ नका, हातावर मेंदी आणि अंगाला हळद असताना तुम्हाला कुणी शेवंतीचा भाव विचारायला नको.